खातं बदललंय, कृपया नोंद घ्यावी

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना आहे असं धरा. मालक मराठी, घर दांडिया बाजारात, बडोद्यातली तिसरी पिढी. ऑफिसात एकाच वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी चालतं. अकाउंट्समध्ये दोघं: वर्षानुवर्षं हिशेब सांभाळणाऱ्या मॅडम, आणि त्यांच्या हाताखाली नुकताच बी.कॉम. होऊन लागलेला मुलगा. परचेस बघणारे काका स्टोअरशेजारच्या वेगळ्या खोलीत बसतात. मालकांना सगळे दादा म्हणतात. हा कारखाना नकाशावर शोधू नका. प्रकरण अभ्यासासाठी जुळवलेलं आहे, त्यातली माणसं, प्रसंग आणि रकमा कल्पित आहेत. कायदे, बँकांचे नियम, पंचांग आणि चोरांच्या पद्धती मात्र खऱ्या आहेत.

काळ मार्च २०२५चा शेवटचा आठवडा. वर्षाखेर म्हणजे अकाउंट्सवाल्यांची लग्नसराई, त्यात रविवारी ३० तारखेला गुढीपाडवा आणि सोमवारी ३१ला ईद. ज्याला त्याला आपलं पेमेंट शुक्रवार-शनिवारपर्यंत हवं होतं.

या ऑफिसला फसवा मेल ओळखता येत नव्हता, असं कुणी म्हणू नये. सोमवारी, २४ तारखेला सकाळीच आयकर परताव्याचा एक मेल आला होता. मुलाने पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला. आयकर खात्याचं पोर्टल आहे इनकमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन, आणि हा भलत्याच पत्त्यावरून आलेला. खात्याच्या पत्रांवर १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, ज्याला सगळे ‘डिन’ म्हणतात, तोही नव्हता. मुलाने मॅडमना दाखवला, दोघं हसले, मेल कचऱ्यात गेला. आदल्या वर्षी ऑफिसात झालेल्या प्रशिक्षणाचा हा फायदा: चुकीचं स्पेलिंग, अनोळखी पत्ता, ‘ताबडतोब क्लिक करा’ हे सगळं त्यांना पाठ होतं.

तासाभराने दुसरा मेल आला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मेल कसा होता

राजकोटच्या एका फाउंड्रीकडून, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याकडून, हा कारखाना व्हॉल्व्हच्या बॉडी आणि बॉनेटची (वरच्या झाकणाची) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेतो. फाउंड्रीची दोन बिलं थकलेली होती: एक ११,६२,३०० रुपयांचं, दुसरं ६,७८,४०० रुपयांचं. त्यावरून आठ-दहा दिवस मेलामेली सुरू होती. नवा मेल त्याच धाग्यात उत्तर म्हणून आला. खाली मॅडमनी स्वतः लिहिलेले जुने मेल जसेच्या तसे, बिलांचे नंबर बरोबर, रकमा पैशापर्यंत बरोबर, शेवटी फाउंड्रीच्या अकाउंटंटचं नाव आणि नेहमीची सही. मजकूर चार-पाच ओळींचा. आमच्या चालू खात्याचं ऑडिट चालू असल्याने तात्पुरते व्यवहार बंद आहेत, खातं बदललंय, कृपया नोंद घ्यावी, लेटरहेडवरचं पत्र आणि कॅन्सल्ड चेक सोबत आहे. शेवटी एक सभ्य आठवण: आम्ही उद्यम नोंदणीतले लघु उद्योग आहोत, ३१ मार्चच्या आत पेमेंट झालं तर आयकर कायद्याच्या ४३बी(एच)चा त्रास तुम्हालाही होणार नाही.

चोराच्या अकलेची दाद द्यावी लागते ती या शेवटच्या ओळीसाठी. कारण ती खरी आहे. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. मुदत उलटूनही वर्षाखेरीला ते थकीत राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच मिळतो. ही तरतूद २०२४-२५च्या कर आकारणी वर्षापासून लागू झाली आणि तेव्हापासून मार्चमध्ये प्रत्येक अकाउंट्सवाला पुरवठादारांची यादी घेऊन बसतो. पहिल्या बिलाचे ४५ दिवस २९ मार्चला संपत होते, दुसऱ्याचे ३१ला. मॅडमच्या टेबलावर ही यादी आधीपासूनच होती. मेलने त्यांना नवी घाई लावली नाही, त्यांच्याच घाईला आपलं बोट धरायला दिलं.

प्रशिक्षणात सांगतात, घाई दिसली की सावध व्हा. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ज्या ऑफिसात घाई नाही असं एक ऑफिस मला दाखवा.

आता चूक कुठे होती ते बघू. फाउंड्रीच्या मेलच्या पत्त्यात इंग्रजी ‘मेटल’ हा शब्द आहे. नव्या मेलच्या पत्त्यात त्यातल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. लहान लिपीत, संगणकाच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये, ही जोडी इतकी चिकटून येते की ‘एम’च वाटतो. मोबाइलवर तर पत्ता दिसतच नाही, फक्त नाव दिसतं. आणखी एक बारीक कारागिरी होती: प्रतीच्या (सीसी) रकान्यात फाउंड्रीच्या मालकांचा पत्ता नेहमीप्रमाणे होता, पण तोही त्याच नकली डोमेनचा, म्हणजे ‘@’नंतरचा भाग तोच बनावट. म्हणजे मॅडमनी ‘सगळ्यांना उत्तर’ दाबलं तरी ते सगळं चोराच्याच पेटीत जाणार होतं, आणि खऱ्या मालकांना पत्ता लागणार नव्हता.

इथे कुणी म्हणेल, मग स्पॅम फिल्टर काय करत होता? एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्या असतात. मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो त्याच डोमेनने तो पाठवायची परवानगी दिली आहे का आणि वाटेत तो बदलला गेला का, एवढं त्या बघतात. नकली डोमेन चोराने रीतसर पैसे भरून विकत घेतलं होतं आणि तिन्ही नोंदी व्यवस्थित लावल्या होत्या. तिन्ही तपासण्यांत मेल पास. फिल्टरच्या दृष्टीने हा मेल ज्याने पाठवला असं म्हणतो त्यानेच पाठवला होता. तो तुमचा पुरवठादार आहे की नाही, हे फिल्टरला कुठून कळणार?

एक रुपया

मॅडम बेफिकीर नव्हत्या. नवीन खातं बघितल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, “आधी एक रुपया टाक, पोचतोय का बघ.” त्याने बँकेच्या पोर्टलवर नवा लाभार्थी जोडला, एक रुपया पाठवला आणि त्याच मेलला उत्तर लिहिलं: एक रुपया पाठवला आहे, मिळाल्याचं कळवावं. वीस मिनिटांत उत्तर आलं, मिळाला, धन्यवाद.

या प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखं हेच वाटतं. खबरदारी घेतली गेली, आणि ती ज्याच्यापासून घ्यायची त्यालाच विचारून घेतली गेली. एक रुपयाने एवढंच सिद्ध झालं की त्या क्रमांकाचं खातं अस्तित्वात आहे. ते कुणाचं आहे, हे फक्त राजकोटहून कळू शकत होतं.

बँकेची व्यवस्था मेकर-चेकरची होती. मुलाने एन्ट्री मारायची, मॅडमनी मंजूर करायची. ऑडिटर अशी व्यवस्था बघून समाधानाने मान डोलावतात. पण दोघांच्या पुढ्यात कागद एकच, तोच मेल, तेच पत्र, तोच चेक. सह्या दोन झाल्या तरी माहितीचा उगम एकच राहिला, तर दुसरी सही पहिलीची झेरॉक्स असते.

चेककडे नीट बघितलं असतं तर एक गोष्ट खटकली असती. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. रिझर्व्ह बँकेच्या किंवा त्या बँकेच्या यादीत तो कोड टाकला की शाखेचं गाव कळतं. इथे गाव दुसऱ्याच राज्यातलं निघालं असतं. राजकोटच्या, दोन पिढ्या तिथेच धंदा करणाऱ्या फाउंड्रीने एवढ्या लांब चालू खातं कशाला काढावं? पण मार्चमध्ये हा प्रश्न पडायला माणूस रिकामा हवा.

चेकवर नाव फाउंड्रीचंच छापलेलं होतं. खातं मात्र कुणा एका व्यक्तीच्या नावाचं बचत खातं होतं. चेकचं चित्र संगणकावर दुरुस्त करणं ही दहा मिनिटांची गोष्ट. आणि नाव जुळत नाही म्हणून पैसे अडत नाहीत, कारण आरटीजीएस-एनईएफटीत रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकावर. भल्याभल्या व्यावसायिकांना अजून वाटतं की नाव चुकलं तर बँक पैसे परत पाठवेल. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४च्या परिपत्रकाने बँकांना सांगितलं की पैसे पाठवण्याआधी लाभार्थ्याचं खात्यावरचं नाव बघायची सोय ग्राहकाला द्या, फुकट द्या, आणि १ एप्रिल २०२५पर्यंत द्या. आपलं पेमेंट सुटलं २८ मार्चला. चार दिवसांचा फरक.

तरी त्या सोयीवर फार भिस्त ठेवू नये. नाव समोर दिसलं तरी ते वाचावं लागतं, आणि पुरवठादाराच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन एखादी प्रोप्रायटरी फर्म काढणं चोरांना अवघड नाही.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला दादांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. ते हालोलला गिऱ्हाइकाकडे होते. “राजकोटचं सुटलं का? ४५ दिवस होतायत.” हा निरोप शंभर टक्के खरा होता, चोराचा त्यात काही हात नव्हता. मॅडमनी पाच चाळीसला ११,६२,३०० रुपये मंजूर केले.

शनिवार

काका शनिवारी दुपारी राजकोटला फोन लावतात, तो पैशांसाठी नव्हे. मागच्या लॉटमधल्या दोन बॉनेटना पोरॉसिटी निघाली होती, मशिनिंगला घेतल्यावर आतून भोकं. ते भांडण झालं, बदली माल द्यायचं ठरलं, आणि मग फाउंड्रीचे मालक म्हणाले, माल पाठवतो, पण मागचं पेमेंट? काका म्हणाले, काल संध्याकाळीच सुटलंय, तुमच्या नव्या खात्यात.

पलीकडून आलं, “कयुं नवुं खातुं?”

काका खुर्चीतून उठले ते थेट अकाउंट्समध्ये. दुसऱ्या बिलाची, ६,७८,४०० रुपयांची एन्ट्री मुलाने मारून ठेवली होती, मॅडमची मंजुरी बाकी होती. “मॅडम, राजकोटचं काही सोडू नका. त्यांनी खातं बदललेलंच नाही.”

पुढचा अर्धा तास या ऑफिसने चांगला हाताळला, ते नोंदवायला हवं. मुलगा घाबरला होता. त्याचा पहिला हात मेल डिलीट करण्याकडे गेला. भीतीने माणूस असंच करतो. मॅडमनी त्याला थांबवलं. मूळ मेल जसाच्या तसा फाइल म्हणून उतरवून घेतला, नुसता फॉरवर्ड केला नाही. फॉरवर्ड केला की मूळ मेल कुठून कुठे फिरला याच्या आतल्या नोंदी गळून जातात. मग १९३० लावला.

१९३० हा गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राचा आर्थिक फसवणुकीसाठीचा क्रमांक. त्याच्यामागची यंत्रणा २०२१पासून आहे: तक्रार नोंदली की ती थेट ज्या बँकेत पैसे गेले तिच्या टेबलावर जाते, तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल ती अडकवून ठेवतात, आणि पैसे पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवतात. फोनवर ते विचारतात ते हाताशी असावं लागतं: कुठल्या खात्यातून, कुठल्या खात्यात, किती, किती वाजता, आणि यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक. आरटीजीएसचा यूटीआर बावीस अक्षरी असतो. घाबरलेल्या आवाजात तो वाचून दाखवताना दोनदा चुकला. ज्यांनी अजून कधी हा फोन केलेला नाही त्यांनी आपल्या बँकेच्या पोर्टलवर यूटीआर कुठे दिसतो एवढं तरी आजच बघून ठेवावं. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवरही नोंदवली.

नशीब एवढं की २९ मार्च पाचवा शनिवार होता. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, त्यामुळे शाखा उघडी होती. दादा हालोलचं काम टाकून परस्पर शाखेत पोचले आणि मॅनेजरच्या समोर बसून लेखी अर्ज दिला.

पैसे जाऊन एकोणीस तास उलटून गेले होते. पहिल्या खात्यातून रक्कम तुकड्यातुकड्यांनी आणखी खात्यांत गेली होती, तिथून काही एटीएममधून निघाली होती. ३,८५,००० रुपये अडकवता आले. उरलेले ७,७७,३०० गेले. अडकलेले पैसेही त्याच आठवड्यात परत येत नाहीत. पोलिसांची कागदपत्रं, न्यायालयाचा आदेश आणि मग बँक, असा तो रस्ता. पोलिसात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी आणि ६६-डी, शिवाय भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून राहिली, आणि ती बहुतेक लहान कंपन्यांकडून राहते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे फिशिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते. मकरपुऱ्यात किती जणांना हे माहीत असेल? दादांना सोमवारी त्यांच्या सीएंनी सांगितलं.

राजकोटला काय झालं होतं

कारखान्याच्या संगणकात काही नव्हतं. चोर शिरला होता फाउंड्रीच्या मेलमध्ये. तिथल्या अकाउंटंटला महिनाभर आधी ‘तुमची मेलपेटी भरली आहे, पुन्हा लॉगिन करा’ असा मेल आला होता, आणि त्याने दिसलेल्या पानावर पासवर्ड भरला होता. दुसरी पायरी, म्हणजे मोबाइलवरचा कोड किंवा मंजुरी, चालूच केलेली नव्हती. चोर घाईत नव्हता. त्याने कुठलीही मोडतोड केली नाही, फक्त वाचत बसला: कोण किती देणं लागतो, कोण कसं लिहितो, कुठली बिलं कधी निघणार. मग एक नियम लावून ठेवला: या कारखान्याकडून येणारा, ‘पेमेंट’ किंवा ‘बँक’ शब्द असलेला मेल आला की वाचलेला म्हणून खूण करून एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये टाकायचा. खरा अकाउंटंट त्या फोल्डरमध्ये कधीच जात नसे. पासवर्ड बदलूनही असे नियम तसेच राहतात, म्हणून मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आणि आपोआप फॉरवर्ड होणारे पत्ते वेगळे तपासावे लागतात.

वाईट मेल म्हणजे वाईट इंग्रजीतला मेल, ही समजूत इथे मोडते. धागा खरा, बिलं खरी, कायदा खरा, घाई खरी. खोटं फक्त खातं. ई-इनव्हॉइसवरचा क्यूआर कोडही खरा निघाला असता. त्यात विक्रेत्याचा आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख, रक्कम असं असतं. पुष्कळांना वाटतं क्यूआर स्कॅन झाला म्हणजे बिलावरचं सगळं पक्कं. बिलाच्या तळाशी छापलेला खाते क्रमांक कुणी बदलला तर क्यूआर बिचारा काय सांगणार?

आणि हे लहान कारखान्याचं अडाणीपण आहे असंही समजू नये. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासॉस्कस या माणसाने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुक या दोघांकडून मिळून १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. त्याला डिसेंबर २०१९मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. मेल सुरक्षेवर गूगलइतका खर्च मकरपुऱ्यात कुणी करणार नाही, तेव्हा नजर तीक्ष्ण करत बसण्यापेक्षा पैशाची वाट दुरुस्त करणं स्वस्त पडतं. मेल खरा की खोटा, हा प्रश्न बाजूला ठेवून मेल काय मागतो आहे, हे बघावं. खातं बदला, पासवर्ड भरा, पगार नव्या खात्यात टाका, गिफ्ट कार्ड आणा: मागणी या जातीची असेल तर मेल कितीही खरा दिसला तरी उत्तर मेलवर द्यायचंच नाही.

भुर्दंड कुणाचा

फाउंड्रीचे मालक म्हणाले, माझ्या खात्यात पैसे आलेले नाहीत, माझं बिल उभं आहे. दादा म्हणाले, तुमच्या मेलमधून चोर आला. दोघांचं बरोबर. पण कायद्याची बाजू विक्रेत्याकडे झुकते: चोराला दिलेले पैसे म्हणजे पुरवठादाराला दिलेले पैसे नव्हेत. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी शून्य करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक इथे कामाला आलं नाही, कारण हा व्यवहार खातेदाराच्या माणसांनीच, स्वतःच्या पासवर्डने मंजूर केला होता. शेवटी माल एकमेकांना हवा होता म्हणून तडजोड झाली. फाउंड्रीने थोडा वाटा सोसला, बाकीचं कारखान्याने तीन हप्त्यांत एप्रिल ते जूनमध्ये दिलं. दुसरं बिल सोमवारी ३१ला काकांनी फोनवर खात्री केल्यावर जुन्याच खात्यात गेलं. पहिल्या बिलाचा खर्च मात्र ४३बी(एच)खाली त्या वर्षी वजा मिळाला नाही. ज्या कलमाच्या धाकाने पैसे घाईने सोडले, तेच कलम शेवटी लागलं.

काय बदललं

पहिली सूचना आली ती मुलाला काढून टाकण्याची. कुणाकडून आली ते सांगत नाही. दादांनी ती ऐकली नाही, आणि मला वाटतं या प्रकरणातला त्यांचा सर्वांत फायद्याचा निर्णय हाच. या मुलाला काढलं असतं तर पुढच्या वेळी ज्याच्या हातून काही होईल तो मेल गुपचूप डिलीट करून घरी जाईल, आणि १९३०ला फोन करायला तिसरा दिवस उजाडेल.

नियम एकच केला, पण त्याला फाटे बरेच. कुठल्याही पार्टीचं खातं मेलवरून, पत्रावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून बदलायचं नाही. बदलाची विनंती आली की ती अकाउंट्सने परचेसकडे द्यायची, आणि काकांनी आपल्या डायरीतल्या, जुन्या पर्चेस ऑर्डरवरच्या क्रमांकावर, ज्या माणसाशी ते एरवी कास्टिंगवरून भांडतात त्याच्याशी बोलायचं. मेलमध्ये दिलेला क्रमांक फिरवायचा नाही. काकांची सही झाल्याशिवाय टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, खातं बदलत नाही. आता दुसरी सही खरोखर दुसरी झाली, कारण तिची माहिती दुसरीकडून येते. नव्या खात्यात पहिलं पेमेंट लहान, आणि ते पोचल्याची खात्री फोनवर, मेलवर नाही. पर्चेस ऑर्डरच्या तळाशी ओळ आली: बँक खात्यातला बदल मेलवर स्वीकारला जाणार नाही. त्यामुळे पार्टीलाही आधीच माहीत.

सगळ्या मेलपेट्यांना दुसरी पायरी लावली. बाहेरून आलेल्या मेलवर वर पिवळी पट्टी येईल अशी सोय केली. पट्टीचा उपयोग थोडाच होईल असं मला वाटतं. दिवसाला पन्नास पिवळ्या पट्ट्या दिसल्या की डोळा त्या बघायचं सोडतो. दुसरी पायरी मात्र सोडू नये.

सर्वांत अवघड बदल दादांना करावा लागला. त्यांची सवय होती रस्त्यात गाडीतून आवाजी निरोप पाठवायची: अमक्याचे दोन लाख लगेच सोडा, बाकी नंतर बोलू. अशा ऑफिसात उद्या कुणी दादांचा फोटो लावून नव्या क्रमांकावरून तोच निरोप पाठवला, तर तो वेगळा ओळखायचा कशावरून? मालक जसं बोलतो तसंच चोर बोलणार. मॅडमनी हे त्यांना तोंडावर सांगितलं, जरा हळू आवाजात, पण सांगितलं: “दादा, तुम्हीच असं सांगता, मग आम्ही थांबायचं कधी?” आता निरोपावर पेमेंट होत नाही. दादा स्वतः फोन करतात, किंवा मॅडम त्यांना करतात. पहिले दोन आठवडे दादा वैतागले. “माझेच पैसे, आणि मलाच विचारणार?” मॅडमनी त्यावर काही उत्तर दिलं नाही, फोन मात्र केला.

नियमाची किंमत लवकरच कळली. जूनमध्ये वाघोडियाच्या एका गॅस्केट पुरवठादाराने खरंच बँक बदलली. मेल आला, पत्र आलं, सगळं खरं. काकांच्या डायरीतला क्रमांक ज्या माणसाचा होता तो नोकरी सोडून गेला होता. मेलमध्ये नवा क्रमांक होता, पण काकांनी तो फिरवला नाही. चार दिवस पेमेंट अडलं. पुरवठादार चिडला, दादांना फोन करून म्हणाला, तुमचे लोक मला चोर समजतात. दादा म्हणाले, “समजत नाहीत, सगळ्यांनाच विचारतात.” पाचव्या दिवशी काका स्कूटर काढून वाघोडियाला गेले, मालकांना भेटले, नव्या बँकेचा चेक हातात घेतला, आणि परत येऊन सही केली. त्यानंतर दादांनी वीस मुख्य पुरवठादारांना पत्र टाकून दोन-दोन माणसांचे क्रमांक मागवले. सतरा जणांनी दिले. तिघांकडे काकांना जायचं आहे.